सूर्यावर हाताने नेम: सीस्टार एस५० की ड्वार्फ ३?

सीस्टार एस५० आणि ड्वार्फ ३ या फोनवरच्या अ‍ॅपने चालणाऱ्या, स्वतःच वळून नेम धरणाऱ्या स्मार्ट दुर्बिणी. रात्री अशी दुर्बीण तारे ओळखून आपली दिशा दुरुस्त करते. दिवसा तारेच नाहीत. मग सगळी मदार होकायंत्र, पातळी आणि फोनकडून मिळालेल्या ठिकाणावर. मुंबई-पुण्यात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही. घोळ घालतात त्या स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कठडा आणि शेजारी लावलेली गाडी. होकायंत्र पाच-दहा अंशांनी सहज चुकतं आणि सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा. मग अ‍ॅपमधली जॉयस्टिक घ्यावी लागते. (भुजा, म्हणजे भिंग असलेला फिरता भाग, हाताने ढकलायची नाही, आत गिअर आहेत.)

एस५० चं भिंग ५० मिमीचं, नाभीय अंतर २५० मिमी, चौकट, म्हणजे पडद्यावर मावणारा आकाशाचा तुकडा, सुमारे १.३ × ०.७ अंशांची. अरुंद बाजूला सूर्याच्या दोन्ही अंगांना ०.१ अंशाच्या आसपासच जागा उरते. आकाशाचा मोठा भाग दाखवणारा वेगळा वाइड कॅमेरा नाही. सूर्याचा प्रखर उजेड अडवणारा फिल्टर लावल्यावर सूर्याखेरीज काहीच दिसत नसल्याने तो चौकटीबाहेर असला की पडदा ठार काळा. डावीकडे जायचं की उजवीकडे, पत्ता लागत नाही. ड्वार्फ ३ मध्ये भिंग ३५ मिमी, नाभीय अंतर १५० मिमी, चौकट २.९ × १.६ अंश, शिवाय वाइड कॅमेरा. त्यात सूर्य सापडला की जॉयस्टिकने मुख्य चौकटीत आणायचा. फक्त फिल्टर दोन्ही भिंगांना हवा.

चित्रात मात्र फार अंतर नाही: एस५० वर सूर्यबिंब साधारण ८०० पिक्सेलांचं, ड्वार्फवर ७०० चं. सौरडाग दोन्हींत छान दिसतात. सूर्याच्या कडेवरच्या सौरज्वाळा दोन्हींत दिसत नाहीत. त्याला हायड्रोजन-अल्फाची, म्हणजे हायड्रोजनचा ठरावीक लाल प्रकाशच आत घेणारी, वेगळी दुर्बीण लागते.

एस५० ला सावलीने वाट दाखवता येते. ट्रायपॉड पातळीत आणा, भुजा उघडल्यावर, सूर्याकडे वळवण्याआधी फिल्टर लावा. भुजेमागे पांढरा कागद धरा. आधी आडव्या दिशेने फिरवा. भुजेच्या बाजूंची सावली आटत जाऊन सर्वात अरुंद झाली की थांबा. मग उंचीसाठी तेच. तरी पडदा काळाच असेल तर एक्स्पोजर वाढवा, सूर्य चौकटीच्या काठाजवळ असला तर उजेडाची झाक दिसते. बिंब आलं की एक्स्पोजर उतरवा, बिंबाच्या कडेवर फोकस करा आणि लगेच ट्रॅकिंग सुरू करा. नाहीतर दोन मिनिटांत सूर्य आपल्या व्यासाइतका सरकतो. सापडत नाही म्हणून फिल्टर काढून बघणं म्हणजे सेन्सरला मूठमाती.

बॉलपेनची चार-पाच सेंटीमीटरची रिकामी नळी भुजेला चिकटवली तर हा खटाटोप बराच वाचतो. पण ती सूर्य एकदा मध्यावर आणल्यानंतरच, मागच्या कागदावर उजेडाचा ठिपका गोल पडेल अशी चिकटवायची.

रोज त्याच गच्चीवरून डाग टिपायचे असतील तर नळीसकट एस५० घ्यावी. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी इजिप्तमधल्या लक्सरला जायचा बेत असेल, तर ड्वार्फ. अनोळखी जागी, घाईत, वाइड कॅमेरा फार सोयीचा.

मेच्या मध्यात आणि जुलैअखेर मुंबई-पुण्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा आडवी दिशा काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेला उलटते, दोन्ही यंत्रांचं ट्रॅकिंग तिथे गडबडतं आणि सावली पायातच पडते. त्या दिवसांत दहाच्या आत उरकावं.