टर्बो सिएराचे इंजिन आणि साताऱ्याचे एक वर्कशॉप

जुन्या डिझेल गाडीचे इंजिन उतरवून पुन्हा बांधून देणारी वर्कशॉप सातारा जिल्ह्यात कमी नाहीत. तरीही साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील या वर्कशॉपबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले, कारण इंजिन बांधून झाले म्हणजे काम झाले असे येथे मानत नाहीत. इंजिन पहिल्यांदा सुरू करणे, पुढचे सुमारे 1000 किलोमीटर ते कसे चालवायचे हे गाडीवाल्याला नीट समजावणे आणि त्या काळात गाडी परत बोलावून तपासणे, हे सारे ते मूळ कामातच धरतात आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असलेल्या जुन्या इंजिनाच्या बाबतीत निम्मे यश या रनिंग-इनमध्येच असते, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

गाडी टाटा सिएरा, इंजिन 1948 सीसीचे टर्बो डिझेल. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1991 मध्ये आणलेल्या या तीन दारांच्या गाडीला सुरुवातीला टर्बो नव्हता. तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात आला. छतापर्यंत वळलेल्या तिच्या मागच्या काचा पाहून पोवई नाक्यावर आजही कोणी ना कोणी चौकशी करतेच, आणि त्याच नावाची नवी गाडी बाजारात आल्यापासून तर जास्तच. सुदैवाने याच क्षमतेचे, पण बिनटर्बोचे इंजिन सुरुवातीच्या सुमोतही होते आणि आपल्याकडच्या वडापवाल्यांनी, म्हणजे शेअर जीपवाल्यांनी, ते वर्षानुवर्षे राबवले, त्यामुळे त्याची नस ओळखणारे हात इथे अजून सापडतात. माझ्या गाडीचे इंजिन निळा धूर टाकत होते, डिपस्टिकच्या नळीतून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधून निसटलेला वायू, मारत होते आणि चढाला पिकअप सोडत होते. पूर्ण काम काढण्याशिवाय इलाज नव्हता.

बांधणीबद्दल थोडक्यात सांगतो. क्रँकचे ग्राइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले, टर्बोचे आतले काम पुण्याला झाले आणि बाकी सर्व साताऱ्यातच झाले. प्रत्येक सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली, आडवे-उभे घेऊन त्यांनी कागदावर लिहून दिले. असा कागद मला याआधी कोणत्याही गॅरेजने दिलेला नव्हता. होनिंग, म्हणजे सिलिंडरची भिंत आतून बारीक घासण्याचे काम, झाल्यावर मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये बॅटरी मारून आतल्या भिंतीवरची जाळी दाखवली. एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या त्या बारीक रेषांच्या खोलगट भागात ऑईल टिकते आणि उंचवट्यांवर पिस्टनभोवतीची नवी रिंग घासून भिंतीच्या मापाची होते. हे उंचवटे फार काळ टिकत नाहीत. तेवढ्या अवधीत रिंग बसली तर बसली, नाहीतर इंजिन पुढे कायम ऑईल खाते आणि पुन्हा खोलून होनिंग करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना मला समोर उभे राहू दिले, याचा विशेष उल्लेख करतो. टर्बोचा दांडा मिनिटाला 1 लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. नव्या बांधणीत ऑईलच्या नळ्या कोरड्या असतात, त्यामुळे सुरुवातीचे काही क्षण तो कोरडाच फिरला तर बुश खराब होण्याची पाळी येते. म्हणून मिस्त्रींनी टर्बोला वरून येणारी ऑईलची नळी सोडवली, तेलाच्या कुप्पीने त्या छिद्रात स्वच्छ ऑईल भरले आणि बोटाने चाक फिरवून ते आत सगळीकडे पोहोचू दिले. मग नळी जोडून डिझेल पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढली, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन पेट घेणार नाही, आणि मधे मधे थांबत सेल्फ मारत राहिले. मीटरवर ऑईलचे प्रेशर दिसले तरी त्यांचे समाधान झाले नाही. टर्बोतून ऑईल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, उतरते ती खालची नळी सैल करून, तिथून धार आलेली डोळ्यांनी पाहिल्यावरच त्यांनी वायर पुन्हा लावली. नळ्यांच्या जोडांना कुठेही गॅस्केटचा पेस्ट लावलेला नव्हता. त्याचा एखादा तुकडा सुटून टर्बोच्या ऑईलच्या वाटेत अडकला, तर पुण्याला दिलेले सगळे पैसे पाण्यात जातात.

इंजिन सुरू झाल्यावर पाण्याची व ऑईलची गळती पाहण्यापुरते ते स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ठेवले आणि लगेच गाडी रस्त्यावर काढली. येथे हे वर्कशॉप इतरांपेक्षा वेगळे ठरते. नवे इंजिन दिवसभर स्लोवर चालू ठेवायचे, नंतर 500 किलोमीटर 40 च्या वर जायचे नाही, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे; नव्या गाडीच्या काचेवर ‘रनिंग इन’ लिहून ती हळूहळू नेण्याचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तर हे सांगावेच लागत नाही. वास्तविक रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यत्वे तिच्या मागे शिरणाऱ्या जळत्या वायूच्या दाबाने, केवळ स्वतःच्या स्प्रिंगने नव्हे. स्लोवर आणि हलक्या चालीत हा दाब फारच कमी असतो. मग रिंग नुसती सरकत राहते, भिंतीवर ऑईलचा काचेसारखा गुळगुळीत थर बसतो आणि जाळीचा उपयोग संपतो. मिस्त्री हेच एका वाक्यात सांगून मोकळे झाले: “साहेब, गाडीला ओझं द्या, नुसतं गोंजारून रिंगा बसत नाहीत.”

ओझे देण्यासाठी साताऱ्याइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. समर्थ मंदिरापासून काही मिनिटांत यवतेश्वराचा घाट सुरू होतो. इंजिन पूर्ण गरम करून घाटात शिरायचे, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये मध्यम आरपीएमवर चढायचे, थोडे दाबायचे, पुन्हा सोडायचे आणि उतरताना गियरमध्येच उतरायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. आरपीएम 3000 च्या आत ठेवायचा, परंतु वरच्या गियरमध्ये गाडीला कुंथायलाही लावायचे नाही, कारण नव्या बेअरिंगवर सर्वांत वाईट मार तेव्हाच बसतो. सपाट रस्त्यासाठी त्यांनी माहुलीवरून कोरेगावचा रस्ता सुचवला, आणि महामार्गाने एकाच वेगात पुण्याला जाऊन येण्यास पहिले काही दिवस चक्क मनाई केली. पेट्रोल गाडीच्या जाणकारांकडून एक गोष्ट नेहमी ऐकायला मिळते, की पाय सोडल्यावर निर्माण होणारी पोकळी ऑईल वर ओढून रिंगा धुऊन काढते. जुन्या डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटलच नसल्यामुळे तो परिणाम येथे नगण्य असतो. उतारावर इंजिनाला थोडी उसंत आणि थंडावा मिळतो, एवढाच त्याचा फायदा, असे मिस्त्रींनीही प्रामाणिकपणे सांगितले.

टर्बोमुळे या प्रकरणात एक पेच असतो. ओझे दिले की बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, येणारच, आणि बूस्ट आला की सिलिंडरमधला दाब वाढून रिंगा लवकर बसतात. तेवढ्यापुरता टर्बो मदतच करतो. मात्र पाय पूर्ण दाबून लांबचा चढ चढला, की एक्झॉस्टचे तापमान 600 ते 700 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि अजून घट्ट असलेल्या पिस्टनला ते मानवत नाही. त्यामुळे बूस्ट येऊ द्यावा पण त्यावर रेंगाळू नये, असा मध्यम मार्ग त्यांनी आखून दिला. गाडी अधिक पळावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याची विनंती माझ्यासमोर एका गृहस्थांनी केली, ती त्यांनी साफ नाकारली. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, एक-दोन मिनिटे स्लोवर ठेवायचे, हा नियम तर रनिंग-इन संपल्यावरही कायमचा आहे. इंजिन बंद होताच ऑईलचा पुरवठा थांबतो, आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑईल तिथेच जळून त्याचा कोळसा होतो.

ऑईलच्या बाबतीत हे लोक महागडा माल गळ्यात मारत नाहीत. रिंगा बसेपर्यंत साधे मिनरल 15डब्ल्यू-40 डिझेल ऑईल भरतात. सिंथेटिकचा निसरडेपणा या टप्प्यावर नको असतो. पहिले ऑईल जेमतेम 100 किलोमीटरवर काढले. फिल्टर फेकून न देता तो कापून आतला कागद पसरला आणि त्यावरून चुंबक फिरवला. बारीक करडी चकमक ही रिंगांची नेहमीची घासण असते; बेअरिंगच्या रंगाची खपली दिसली तर मात्र चेंबर उतरवावे लागते. माझ्या कागदावर पहिलीच गोष्ट होती. दुसऱ्या खेपेस, सुमारे 500 किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट केले. आता डिपस्टिक ओढली तर नळीतून फुंकर जाणवत नाही, ऑईलची पातळी हलत नाही आणि सकाळी सेल्फ अर्ध्या फेरीत घेतो.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. सांगितलेली तारीख पाळली गेली नाही, ती दर वेळी पुढे सरकत राहिली. फोन उचलला जाईल याची खात्री नसते. प्रत्यक्ष जाऊन उभे राहिल्यासच उत्तर मिळते. सुरुवातीचा अंदाज तोंडी होता आणि अंतिम बिल त्याच्या बरेच पुढे गेले. वाढीची कारणे पटण्यासारखी होती, परंतु ती काम होण्यापूर्वी कळायला हवी होती. इंजिनाची हमी तपासणीच्या दोन्ही खेपा झाल्या तरच लागू होते, ही अट मला रास्त वाटते; मात्र कराड-पाटण किंवा सांगलीकडून येणाऱ्याला त्यासाठी दोन दिवस मोडावे लागतील. टर्बो बाहेरून होऊन येत असल्याने त्याची हमी वर्कशॉप घेत नाही, म्हणून त्या कामाची वेगळी पावती आणि बदललेल्या भागांची यादी गाडी ताब्यात घेण्यापूर्वीच मागून घ्यावी. कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी यवतेश्वराचा घाट गाड्यांनी तुंबतो, तेव्हा गाडी मिळण्याची तारीख शक्यतो सोमवारनंतरची ठरवावी.