अशनी-खनिजांचा सॅम्पल बॉक्स: दोन महिने रोज उघडून बघितल्यावरचा रिव्ह्यू

मी जिऑलॉजिस्ट वगैरे नाही, दगडांचं वेड आहे एवढंच, त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच हिशोबाने वाचा. ऑनलाइन हा बॉक्स दिसला तेव्हा जाहिरातीत लिहिलेलं "अख्खा ग्रह तुमच्या तळहातावर", आणि असलं काही वाचलं की मी सरळ पुढे जातो, पण खाली आतल्या मालाची लिस्ट होती ती वाचली आणि झालं, ऑर्डर टाकली. लाकडी डबा, बारा खण. पाच वेगवेगळ्या अशनींचे तुकडे, एका कॅप्सूलमध्ये मंगळाच्या अशनीचा चुरा, पृथ्वीवरची सहा खनिजं, शिवाय दहापट भिंग, एक मॅग्नेट आणि बुकलेट. (उल्का म्हणजे आकाशात चमकते ती, आणि जमिनीवर पोचतो तो दगड म्हणजे अशनी. बुकलेटमध्ये सगळीकडे उल्काच लिहिलंय, असो.)

मांडणीबद्दल पहिली तक्रार. चकचकीत तुकडे मधल्या खणात मखमलीवर आणि काळपट कॉन्ड्राइट (दगडी अशनींचा एक प्रकार) कोपऱ्यात कोंबलेला. पहिल्या दिवशी भाचीने तो उचलला आणि म्हणाली मामा हा तर रस्त्यावरचा दगड वाटतोय. वाटतोच! पण माझ्या मते अख्ख्या बॉक्समध्ये सगळ्यात भारी तुकडा तोच आहे आणि सुरुवात तिथूनच करायला हवी. त्याची एक बाजू पॉलिश करून दिलीय, त्यावर भिंग धरलं की टाचणीच्या डोक्याएवढे गोल गोल दाणे दिसतात, त्यांना कॉन्ड्रूल म्हणतात. सूर्याभोवती नुसती धूळ आणि वायू फिरत होता त्या काळात वितळून पटकन थिजलेले थेंब आहेत हे, आणि हा दगड ज्या लघुग्रहाचा भाग होता तो पुढे कधी पूर्ण वितळलाच नाही म्हणून ते तसेच्या तसे राहिले. सूर्यमालेतले सगळ्यात जुने घन कण अशाच अशनींमध्ये सापडलेत, वय साधारण ४५६ कोटी ७० लाख वर्षं. पृथ्वीवर इतकं जुनं काही हाताला लागत नाही कारण आपला ग्रह वितळला, ढवळला गेला, आणि अजूनही स्वतःचे खडक गिळतोय. आपल्याकडचे सगळ्यात जुने म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे झिरकॉनचे कण, ४४० कोटी वर्षांच्या आसपासचे. पृथ्वीचं वयसुद्धा अशनींवरूनच पक्कं झालं. क्लेअर पॅटरसनने १९५६ मध्ये अशनींमधल्या शिशाचे आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) मोजून ४५५ कोटी वर्षं हा आकडा दिला, त्यात अमेरिकेतल्या कॅन्यन डायब्लोचा लोखंडी अशनीही होता, आणि तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

कॉन्ड्राइटमध्ये अजून एक बघा, दगड असूनही त्यात धातूचे बारीक चमकणारे ठिपके दिसतात. म्हणजे दगड आणि लोखंड अजून वेगळं झालेलं नाही. हे डोक्यात ठेवून मग शेजारचे लोखंडी तुकडे हातात घेतले की खरी मजा कळते. सुरुवातीच्या लघुग्रहांमध्ये ॲल्युमिनियम-२६ नावाचा किरणोत्सारी प्रकार होता, साधारण सात लाख वर्षांत निम्मा संपणारा, त्याच्या उष्णतेने काही लघुग्रह आतून वितळले, जड लोखंड-निकेल खाली बसलं, हलका दगड वर राहिला. गाभा, प्रावरण (म्हणजे मधला दगडी थर), कवच. पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत पोचायचं तर २,९०० किलोमीटर खाली जायला लागेल आणि माणसाने आजवर सगळ्यात खोल मारलेलं भोक म्हणजे रशियातलं कोला, सव्वाबारा किलोमीटर. मग काय, दुसऱ्याचा फुटलेला गाभा बघायचा.

लोखंडी तुकडे दोन आहेत. एक स्वीडनच्या म्यूओनियोनालुस्ताची पातळ चकती, ॲसिडने एच केलेली (म्हणजे ॲसिड लावून वरचा धातू थोडा खाऊन टाकलेली), आणि त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जी नक्षी आहे ना, राव, दोन महिने झाले तरी मन भरलं नाही. विडमनस्टेटन नक्षी म्हणतात तिला. कमी निकेलचा कामासाइट आणि जास्त निकेलचा टेनाइट हे दोन मिश्रधातू घन धातूमध्येच हळूहळू वेगळे होत गेले की ती तयार होते. हळूहळू म्हणजे किती, तर दहा लाख वर्षांत काही अंश ते काही हजार अंश, लोखंडी अशनींच्या गटागटाप्रमाणे. कुठल्याही भट्टीत एवढा वेळ देता येत नाही म्हणून ही नक्षी खोटी करणं जवळपास अशक्य. पट्टी जेवढी रुंद तेवढं थंड होणं सावकाश, अर्थात निकेल किती आहे तेही बघावं लागतं. थोडक्यात थर्मामीटरच आहे हा, फक्त ४५० कोटी वर्षांपूर्वीचा.

दुसरा तुकडा अर्जेंटिनाच्या कॅम्पो देल सिएलोचा. बुकलेटमध्ये दोन्हींखाली "ग्रहाच्या गाभ्याचा तुकडा" असं एकच वाक्य छापलंय आणि इथे मी मार्क कापले. म्यूओनियोनालुस्ता ज्या गटात येतो तो खरंच एका गाभ्यातून आलेला मानतात, पण कॅम्पो ज्या गटातला आहे तो तसा नाही, टक्करींमुळे वितळून साचलेल्या धातूच्या डबक्यांसारखा काहीतरी प्रकार असावा असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे. त्या गटात दगडाचे तुकडेही अडकलेले सापडतात, जे साध्या गाभ्यात असायला नको. एवढी सुंदर भानगड दोन ओळींत सांगता आली असती, त्याऐवजी बुकलेटवाल्याने ग्रहांच्या राशी दिल्यात मागच्या पानावर.

पॅलासाइट दिसायला एक नंबर, धातूत अडकलेले पिवळट हिरवे ऑलिव्हिनचे खडे, उजेडासमोर धरला की काचेसारखा. तुकडा फार छोटा आहे पण. गाभा आणि प्रावरण यांच्या सीमेवरचा म्हणून विकतात, आता टक्करींत मिसळला असावा असंही मानतात.

युक्राइटचा तुकडा कोणी बघतही नाही, राखाडी, निरस. पण हा बसाल्ट आहे, लाव्हा, आणि तो वेस्टा या सव्वापाचशे किलोमीटरच्या लघुग्रहावरचा असल्याचं मानतात. १९७० मध्ये वेस्टावरून येणारा प्रकाश या अशनींशी जुळतो हे लक्षात आलं आणि २०११ मध्ये डॉन यान तिथे पोचल्यावर ते आणखी पक्कं झालं. म्हणजे एवढ्याशा जगावरही ज्वालामुखी चालू होते आणि मग लवकर विझले. जे पृथ्वीला अजून जमतंय ते वेस्टाला का जमलं नाही, तर आकार, लहान गोष्ट लवकर थंड होते. हा एक तुकडा शेजारी ठेवला की ग्रहांचा अर्धा इतिहास समजतो.

मंगळाच्या कॅप्सूलबद्दल मात्र माझा विश्वास बसलेला नाही. नाव नाही, नंबर नाही, वजन नाही. मंगळाचे अशनी असतात हे खरं, १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीला पडलेला त्यातलाच, त्याच्यावरून शेरगोटाइट हा प्रकारच ओळखला जातो. आणि ते मंगळाचे कशावरून, तर अंटार्क्टिकात मिळालेल्या अशाच एका अशनीच्या काचेत अडकलेला वायू आणि व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर मोजलेली हवा जुळली. एवढा पुरावा असलेल्या गोष्टीचा चुरा विकायचा तर त्याचं नाव तरी लिहा ना, मेटिओरिटिकल सोसायटीच्या (अशनींची अधिकृत नोंद ठेवणारी संस्था) डेटाबेसमध्ये कोणीही तपासून बघेल. विक्रेत्याला मेल केला, उत्तर आलं "शंभर टक्के ओरिजिनल सर". बरं.

खनिजांच्या खणात ऑलिव्हिन, पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज, मॅग्नेटाइट, गार्नेट आणि झिरकॉन. क्वालिटी ठीक. पण इथेच बॉक्सची आयडिया सगळ्यात छान जमलीय कारण पृथ्वीवरचं ऑलिव्हिन आणि पॅलासाइटमधलं ऑलिव्हिन शेजारी ठेवता येतं. तेच खनिज, वेगळं जग. आणि हेच ऑलिव्हिन पृथ्वीत ४१० किलोमीटर खाली गेलं की दाबाने रूप बदलतं, आणखी खाली त्याचं रिंगवुडाइट होतं, ६६० च्या पुढे ते फुटून मुख्यतः ब्रिजमनाइट होतं, भूकंपाच्या लाटा तिथे वेग बदलतात त्या याचमुळे. मंगळ लहान, दाब सावकाश वाढतो, म्हणून तिथे ऑलिव्हिनचा पहिला बदल साधारण हजार किलोमीटर खोल होतो. गंमत म्हणजे ब्रिजमनाइट हे पृथ्वीतलं सगळ्यात मुबलक खनिज, पण निसर्गातला नमुना हाती असल्याशिवाय खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही, आणि तो नमुना मिळाला टेनहॅम नावाच्या अशनीत, अंतराळातल्या टक्करीच्या दाबाने बनलेला, म्हणून नाव पडलं थेट २०१४ मध्ये. आपल्याच पायाखालच्या खनिजाचं बारसं आभाळातून पडलेल्या दगडाने केलं! रिंगवुडाइटही आधी त्याच अशनीत सापडलं होतं, १९६९ मध्ये. बुकलेटमध्ये यातलं अक्षर नाही.

आता मोठी तक्रार. बॉक्समध्ये दिलेला मॅग्नेट निओडिमियमचा आहे, जबरदस्त ताकदीचा, आणि सूचना अशी की "प्रत्येक तुकड्याला लावून बघा". अहो नका लावू! अशनीत जुन्या चुंबकीय क्षेत्राची नोंद अडकलेली असते, एखाद्या लघुग्रहाच्या किंवा मंगळाच्या गाभ्यात कधीकाळी चुंबकत्व तयार होत होतं का ते त्यावरून कळतं, आणि असा मॅग्नेट लावला की ती नोंद पुसली जाते. ब्लॅक ब्यूटी नावाच्या मंगळाच्या अशनीच्या कितीतरी तुकड्यांचं हेच झालंय, लोकांनी हौसेने मॅग्नेट लावून बघितले. माझ्या तुकड्यांवर कोणी संशोधन करणार नाही हे मान्य, पण ही सवय लावायची कशाला? ओळख पटवायला दोऱ्याला टांगलेला साधा कमजोर मॅग्नेट पुरतो.

बाकी किरकोळ. भिंग चांगलं, कडेला थोडं धूसर. कॅम्पोच्या तुकड्याला तीन आठवड्यांत गंज दिसायला लागला, हा अशनी त्यासाठी बदनामच आहे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यापासून थांबलाय, पण त्या बॉक्ससोबत यायला हव्या होत्या. लेबलं खणाला चिकटवलीत, तुकड्यांना नाही, त्यामुळे डबा एकदा उपडा झाला की कल्याण. तुकडे हातात घेण्याआधी मी सगळ्यांचे फोटो काढून ठेवले, तुम्हीही ठेवा.

पाचपैकी साडेतीन. घरात प्रश्न विचारणारं पोर असेल तर घ्या, नुसतं शोकेससाठी हवं असेल तर त्यापेक्षा एकच मोठी एच केलेली चकती घ्या. बुकलेट रद्दीत गेलंय. मॅग्नेट फ्रिजच्या दारावर चिकटवलाय, बॉक्स दुसऱ्या खोलीत.