पार्किंगचे लाईट: सोलर ऑल-इन-वन घ्यावेत की केबलवरचे एलईडी?

नवीन कमर्शियल बांधकामात पार्किंगच्या लाईटचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. मंजूर नकाशात किती फोर-व्हीलर किती टू-व्हीलर हे चौकोन पाडून दाखवलेलं असतं, पण त्या चौकोनांवर रात्री उजेड कुठून पडणार हे कुणी विचारत नाही, आणि मग पेव्हर ब्लॉक बसत आले की कुणालातरी आठवण होते. त्या वेळी सोलरवाला येऊन सांगतो की चर नको, केबल नको, बिल नको, पोल उभा करा आणि विषय संपवा. ऐकायला एकदम पटतं. म्हणून ज्यांचं बांधकाम आत्ता प्लिंथच्या (जोत्याच्या) आसपास आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण निर्णय घ्यायची खरी वेळ तीच.

माझं कॉम्प्लेक्स कोल्हापूरजवळ हायवेला लागून आहे, खाली दुकानं, वर हॉल, पुढे आणि एका बाजूला उघडं पार्किंग. दोन्ही प्रकार वापरून बघूनच मी ठरवलं. बांधकाम चालू असतानाच मागच्या बाजूला, जिथे सळी आणि सिमेंट पडलेलं असायचं, तिथे दोन ऑल-इन-वन (पॅनेल, बॅटरी, दिवा सगळं एकाच डब्यात) सोलर पोल उभे केले आणि गेटजवळ साइटच्या मीटरवरून एलईडीचे पोल चालवले. उन्हाळा गेला, अख्खा पावसाळा गेला, नंतर उसाचा सीझनही गेला. वॉट, ल्युमेन, बॅटरी किती एएचची हे सगळं तुम्हाला कोटेशनमध्ये मिळेलच, त्यात मी जात नाही.

उन्हाळ्यात सोलरला नाव ठेवायला जागाच नव्हती. संध्याकाळी आपोआप लागतो, सकाळी आपोआप जातो, वॉचमनला बटण दाबायला सांगायचं नाही, वायरमनला फोन नाही. एप्रिलमध्ये मला कुणी विचारलं असतं तर मी सोलरच घ्या म्हटलं असतं.

जुलैमध्ये चित्र पालटलं. आपल्याकडे, म्हणजे पन्हाळा-राधानगरीच्या बाजूला जसजसं जाल तसं जास्तच, पाऊस लागला की सूर्य दिसायची वाट बघावी लागते. सप्लायर म्हणतो दोन-तीन दिवसांचा बॅकअप आहे, आणि ते खोटं नाही. पण तो बॅकअप एकदा संपला की बॅटरी परत पूर्ण भरायला नीट ऊन लागतं, आणि झड लागलेली असताना रोज मिळतं ते थोडंसं, रात्री जातं त्याहून कमी. मग दिवा संध्याकाळी लागतो चांगला, पण मध्यरात्रीनंतर पिवळट मिणमिणता होतो आणि पहाटे बंद. माल घेऊन गाड्या पहाटे येतात, नेमकं तेव्हाच.

पावसाळा संपला की वाटतं सुटलो, तर साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. ज्यांच्या जवळपास कारखाना किंवा गुऱ्हाळ आहे त्यांना सांगायला नको, वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी काजळी येऊन बसते तीच पॅनेलवर बसते, त्यात शेतात पाचट जाळतात ते वेगळं. छतावरचं पॅनेल पाईप लावून धुता येतं. इथे प्रत्येक पॅनेल सहा मीटरवर, शिडी लावून, खाली गाड्या उभ्या असताना. पहिल्या महिन्यात माणूस उत्साहाने पुसतो, नंतर कुणी चढत नाही.

आणखी एक गोष्ट ऑल-इन-वनची रचनाच अशी आहे म्हणून येते. दिवा आणि पॅनेल एकाच डब्यात असतात, त्यामुळे दिव्याचं तोंड पार्किंगकडे करायचं म्हटलं की पॅनेलचा कलही त्याबरोबर ठरतो. आपल्याकडे पॅनेल दक्षिणेला झुकलेलं हवं. आता तुमचं पार्किंग पोलच्या दक्षिणेला असेल आणि उजेड लांब टाकायला दिवा थोडा वर उचलला तर पॅनेल झुकतं उत्तरेला. पॅनेल वेगळं असलेले मॉडेल मिळतात, त्यात हा प्रश्न नाही, पण मग स्वस्त आणि सुटसुटीत हा मुद्दा बराचसा निघून जातो. शिवाय नवीन प्रोजेक्ट म्हटलं की झाडं लावलेली असतात, आज कमरेएवढी आहेत, चार-पाच वर्षांत पॅनेलवर सावली धरणार.

पण एवढं सगळं असूनही मी कदाचित सोलरवर राहिलो असतो, पॅनेल मोठं घेऊन, बॅटरी मोठी घेऊन काहीतरी जमवलं असतं. माझा निर्णय फिरला तो सेन्सरमुळे, आणि हे मला कुठल्याच कोटेशनमध्ये किंवा कुणाच्या बोलण्यात आधी भेटलं नव्हतं.

बॅटरी पुरावी म्हणून यातले बहुतेक दिवे काही तासांनी स्वतःला कमी करतात, पूर्ण उजेडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतात, आणि खाली हालचाल दिसली की परत पूर्ण लागतात. कागदावर हुशारी वाटते. प्रत्यक्षात काय होतं बघा. माणूस गाडीत बसून फोनवर बोलतोय किंवा मागच्या सीटवर पिशव्या लावतोय, तर सेन्सरच्या दृष्टीने तिथे कुणीच नाही, दिवा मंद. बाई स्कूटरजवळ उभी राहून पर्समध्ये चावी शोधतेय, थोडा वेळ उभी राहिली की डोक्यावरचा उजेड खाली जातो, मग ती हात हलवते तेव्हा वर येतो. उलट रात्री एखादं कुत्रं पार्किंगभर फिरतं तर त्याच्यामागे एकेक दिवा पेटत जातो आणि बॅटरी त्यात जाते. हॉलमध्ये कार्यक्रम असेल तेव्हा लोक पायऱ्यांवर उभे राहून खाली बघतात तर पार्किंग कुठे उजळ कुठे काळोखं, सतत बदलणारं.

आणि यात सगळ्यात वाईट अवस्था होते कॅमेऱ्याची. उजेड पुरेसा असला की कॅमेरा रंगीत चालतो, कमी झाला की आतला फिल्टर सरकतो, जवळ उभं राहिलं तर टक् असा आवाजही येतो, आणि चित्र काळं-पांढरं होऊन कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवा मंद-पूर्ण, मंद-पूर्ण करत राहिला की कॅमेराही रंगीत-काळा, रंगीत-काळा करत राहतो आणि प्रत्येक बदलाला क्षणभर चित्र पांढरंफटक किंवा काळं पडतं. साइटवर एकदा मागच्या बाजूने टेम्पो येऊन बांबूचा ढीग पाडून गेला, आम्ही फुटेज काढलं. टेम्पो आत शिरताना चित्र काळं-पांढरं, नंबर प्लेटवर इन्फ्रारेड पडून नुसती पांढरी पट्टी, कारण हल्लीच्या हाय सिक्युरिटी प्लेट उजेड परत फेकणाऱ्याच असतात. दिवा पूर्ण लागला, कॅमेरा रंगीत व्हायला लागला, तोवर टेम्पो वळलेला. बांबूचं काही एवढं नव्हतं, पण उद्या तिथे लोकांच्या गाड्या उभ्या राहणार आणि कुणीतरी ओरखडा दाखवून विचारणार की तुमचा कॅमेरा काय करतोय, हे डोळ्यासमोर आलं. गेटजवळच्या केबलवरच्या दिव्याखालचं त्याच रात्रीचं फुटेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगीत, एकसारखं. कॅमेरा दोन्हीकडे एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा. काहींचे सेन्सर बंद करता येतात हे मला माहीत आहे, पण मग बॅटरी पावसाळ्यात आणखी लवकर बसते, म्हणजे परत तिथेच.

आता केबलवाल्या बाजूचं पण सांगतो, तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. चर खोदायची, साधारण पाऊण मीटर खोल, खाली वाळू, वर विटा किंवा वॉर्निंग टेप, आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल, प्रत्येक पोलला ग्लँड, म्हणजे केबल आत शिरते तिथला घट्ट जोड, पोलच्या दारात एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, अर्थिंगचा खड्डा, हा खर्च सोलरमध्ये अजिबात नाही आणि तो छोटा नाही. वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी आणतो आणि केबल तोडतो, मग एका फटक्यात अर्धं पार्किंग अंधारात. आणि पावसात पोलला करंट येणं हा प्रकार गंभीर आहे, इथे पैसे वाचवू नका, प्रत्येक पोल अर्थ केलेला आणि लाईनला आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, पोलचं दार स्क्रूने बंद राहिलं पाहिजे, पोरं हात घालतात.

एक फेज गेला की सगळं जातं याला एक सोपा उपाय आहे. चार कोअरची (तीन फेज आणि एक न्यूट्रल) केबल टाका आणि पोल आळीपाळीने तीन फेजवर वाटा, पहिला आर, दुसरा वाय, तिसरा बी, चौथा परत आर. एक फेज गेला तर दर तिसरा दिवा जातो, बाकीच्यांचा उजेड तिथे थोडाफार पोचतो. वायरमनला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो सोयीने सगळं एकाच फेजवर लावून मोकळा होतो.

बिलाची भीती दाखवली जाते ती मात्र मला जरा जास्त वाटते. समजा साठ वॉटचे दहा दिवे, संध्याकाळी सात ते सकाळी सहा पूर्ण चालू ठेवले तर रोजचे साडेसहा युनिटच्या आसपास, महिन्याला २०० युनिट. दुकानं बंद झाल्यावर, अकरानंतर, टायमरवर निम्मे बंद केले तर महिन्याला १३५ च्या आसपास. तुमच्या महावितरणच्या कमर्शियल बिलावर जो दर येतो त्याने गुणा आणि समोर दर काही वर्षांनी बदलावी लागणारी बॅटरी ठेवा. माझ्या हिशोबात फरक उरला, पण रात्रीची झोप घालवण्याएवढा नाही. टायमर घेताना सूर्यास्ताप्रमाणे रोज वेळ बदलणारा घ्या, साधा घेतला तर डिसेंबरमध्ये अंधार पडल्यावरही लाईट लागायची वाट बघत बसावं लागतं.

लाईट गेली तर काय, हा सोलरचा जोरदार मुद्दा आहे आणि तो मी मान्य करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या भागात वीज गेली तेव्हा सोलरचा दिवा असलेल्यांना त्याची किंमत कळली. मी लिफ्टसाठी जनरेटर घेतलाच होता, त्यावर पार्किंगची एक फेज टाकली. ज्यांच्याकडे जनरेटर नाही त्यांनी एक-दोन सोलर जरूर ठेवावेत.

खरं तर सोलरला योग्य जागा आहेतच. मुख्य इमारतीपासून लांब असलेलं मागचं गेट, जिथे एका दिव्यासाठी दोनशे मीटर केबल ओढावी लागेल. भाड्याची जागा, उद्या सोडून जायची. रात्री पूर्ण बंद असणारं गोडाऊन. आणि ज्यांचं काम सोलापूर किंवा लातूरकडे आहे त्यांना माझा जुलै-ऑगस्टचा अनुभव तितका लागू पडणार नाही हेही खरं. पण हॉटेल, हॉस्पिटल, मंगल कार्यालय, शोरूम, जिथे रात्री अनोळखी माणसं येतात आणि कॅमेऱ्यावर भरवसा ठेवायचा आहे, तिथे मला तरी केबलच बरी वाटते.

उंचीचं आणि रंगाचं थोडक्यात. पोल सहा ते आठ मीटरचे पुरतात, दोन पोलांतलं अंतर उंचीच्या तिप्पट-चौपट धरतात, चार उंच पोलांवर सगळं भागवायला गेलं की दोन गाड्यांच्या मधली सावली फार गडद पडते. उजेड किती हवा याला युरोपच्या ईएन १२४६४-२ या मानकात चांगली पट्टी आहे, कमी वर्दळीच्या पार्किंगला ५ लक्स (जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचं माप), मध्यमला १०, जास्तला २०, आणि सगळ्यात अंधारी जागा सरासरीच्या पाव हिश्श्याखाली जाऊ नये. हा दुसरा आकडा डिझाइन करून देणाऱ्याकडून लिहून घ्या, सरासरी सगळेच दाखवतात. रंगात ४००० केल्विन मागा (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर पांढरा), बाजारात ६५०० चा पांढराफटक माल समोर करतील कारण तो डोळ्यावर जास्त येतो, पण ओल्या पेव्हरवरून त्याची चमक गाडी चालवणाऱ्याला त्रास देते. आणि दिव्यात दहा केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या अचानक झटक्यापासून बचाव) असू दे, वळवाच्या विजा पहिल्यांदा दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किटच खातात.

सूर्याचा फायदा मी सोडलेला नाही. पॅनेल गच्चीवर बसवली आहेत, नेट मीटरिंगवर (जास्तीची वीज महावितरणला जाते आणि बिलातून वजा होते), दक्षिणेला तोंड करून, आणि काजळी आली की पोरगा पाईप घेऊन वर जातो. रात्रीचे दिवे खाली केबलवर.

एवढं वाचूनही तुमचं मन सोलरवर असेल तर घ्या, पण एक काम आत्ताच करा, कारण ते नंतर होत नाही. पेव्हरखालचा मुरूम दाबायच्या आधी सगळ्या पोलांच्या जागा जोडणारा एचडीपीईचा (जाड प्लास्टिकचा) पाईप टाका, प्रत्येक फाउंडेशनमधून बेंड वर काढा, आत ओढायची तार सोडा आणि तोंडं बंद करा. त्या दिवशी जेसीबी साइटवर असतोच. पाईप कुठून कसा गेला त्याचे, टेप लावून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढून आर्किटेक्टला आणि वायरमनला पाठवून ठेवा.