रंगीत माशांच्या युनिटसाठी विषाणूपासून बचाव: क्वारंटाइन, पीसीआर की घरचे ब्रूडर?

पांढरे ठिपके, उवा, शेपूट सडणं यांवर मीठ, पोटॅशियम परमँगनेट असं काही ना काही हाताशी असतं. विषाणूवर औषध नाही. म्हणून खर्च करायचा तो मासा युनिटमध्ये मिसळण्याआधी. पर्याय तीन: बाहेरून येणारा प्रत्येक लॉट काही काळ वेगळा ठेवणं (क्वारंटाइन), प्रयोगशाळेत विषाणूच्या जनुकांची चाचणी करून घेणं (पीसीआर), किंवा एकदाच ब्रूडर, म्हणजे बीज काढण्यासाठीचे नर-माद्या, आणून पुढे सगळं बीज घरचंच काढणं. कोणता निवडायचा हे पैशाआधी दोन गोष्टींवर ठरतं: मासा कोणता, आणि तुमच्या टाकीतलं पाणी वर्षभरात किती थंड-गरम होतं.

गोल्डफिशचं उदाहरण घेऊ, कारण नवे लोक बहुधा त्यानेच सुरुवात करतात. त्याचा मोठा शत्रू सायप्रिनिड हर्पेसव्हायरस-2. 1992 मध्ये जपानमध्ये त्याने गोल्डफिश मारल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं. भारतात पश्चिम बंगालमधल्या फार्मवरची नोंद 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या माशांत अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा एरोमोनास जिवाणूही सापडला होता. म्हणजे मासा मरतो, आपण जिवाणू समजून औषध ओततो, आणि खरं कारण बाजूलाच राहतं. कल्ले फिकट, पोट फुगलेलं, अंगावर जखम नाही, तरी रोज मरतूक वाढतेय, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी विषाणूचा संशय घ्या.

हा विषाणू साधारण 15 ते 25 अंशांत जोर धरतो. पुणे-नाशिककडच्या शेडमध्ये दिवाळीनंतरचं पाणी नेमकं याच पट्ट्यात असतं. क्वारंटाइन फसतं ते इथेच. मे महिन्यात लॉट आणला, 30 अंशांच्या पाण्यात दहा दिवस ठेवला, एकही मासा मेला नाही, म्हणून मिसळला. त्या पाण्यात विषाणू गप्प होता एवढंच. डिसेंबरात सगळं युनिट बसतं आणि दोष थंडीला दिला जातो.

म्हणून गोल्डफिशचं क्वारंटाइन 20 ते 24 अंशांत, तीन-चार आठवडे. चिलर परवडत नसेल तर खरेदीच थंडीत करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. नव्या माशांत आपले चार-पाच निरोगी, कमी किमतीचे गोल्डफिश सोडा. बाहेरचे मासे जगले आणि आपले मेले, तर बाहेरचे मासे रोग वाहून आणणारे असण्याचा दाट संशय घ्या. हातजाळी, बादली, पाइप वेगळे हवेत, आणि या टाक्यांचं काम दिवसाच्या शेवटी करायचं. जाळी 200 पीपीएम (लिटरला 200 मिलिग्रॅम) क्लोरीनमध्ये तासभर बुडवा. 30 टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर 10 लिटरला साधारण 7 ग्रॅम. नंतर हायपोच्या (क्लोरीन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यातून काढून उन्हात वाळवा.

पीसीआर ऐकायला भारी वाटतं, पण विकणाऱ्याने दाखवलेल्या रिपोर्टमध्ये किती मासे तपासले ते आधी विचारा. मोठ्या लॉटमध्ये 5 टक्के मासे बाधित असतील, तर 95 टक्के खात्रीने त्यातला एखादा पकडायला सुमारे 60 मासे तपासावे लागतात; 2 टक्के असतील तर सुमारे 150. पाच माशांच्या ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ नाही. शिवाय विषाणू अंगात दडून असेल तर तो सापडेलच असंही नाही. माझ्या मते छोट्या युनिटने प्रत्येक लॉटवर पैसे घालू नयेत. क्वारंटाइनमध्ये मरायला टेकलेल्या माशांचं मूत्रपिंड आणि प्लीहा तपासून घ्यावेत. तिथे त्याच पैशात जास्त कळतं. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मेलिनमध्ये नको. कुठे पाठवायचा हे मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत विचारता येईल.

तिसरा पर्याय, घरचे ब्रूडर, गोल्डफिशला सगळ्यात चांगला मानवतो, कारण त्याची अंडी चिकट असतात. नायलॉनच्या झुपक्यांवर अंडी पडली की झुपके लगेच उचलायचे, स्वच्छ पाण्याने धुवायचे, पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणातून काढायचे आणि वेगळ्या शेडमध्ये, वेगळ्या पाण्यात उबवायचे. आयोडीनची मात्रा आधी थोड्या अंड्यांवर करून बघा. आईबापांत विषाणू दडलेला असला तरी पिल्लांपर्यंत पोचण्याची वाट यात बरीचशी बंद होते. बदल्यात जागा दुप्पट लागते, पहिलं वर्ष उत्पन्न कमी, आणि काही पिढ्यांनी रंग-आकार घसरला की नवे नर आणावेच लागतात. तेव्हा क्वारंटाइन सुटत नाहीच, फक्त क्वचित लागतं. तरी गोल्डफिशसाठी मी हाच पर्याय निवडेन. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या युनिटचा खर्च 3 लाख आणि मध्यम युनिटचा 8 लाख धरला होता. कुठल्याही योजनेत अर्ज करा, विलगीकरणाच्या टाक्या आराखड्यातच दाखवा. मागाहून त्यांना जागा उरत नाही.

मॉली आणि गप्पींना हे लागू नाही. ते पिल्लंच देतात, धुवायला अंडी कुठली! त्यांना, तसंच गुरामी आणि एंजललाही, आयएसकेएनव्ही नावाच्या विषाणूच्या गटाचा धोका, आणि हे विषाणू उबदार पाण्यात फोफावतात. कोकणातलं 27-28 अंशांचं पाणी या विषाणूंना मानवतं. म्हणजे इथे तुमचं नेहमीचंच पाणी क्वारंटाइनला योग्य. एकाच खात्रीच्या ठिकाणाहून बीज घ्या आणि लॉट एकत्र करू नका.

कोईत प्रश्न केएचव्हीचा, म्हणजे कोई हर्पेसव्हायरसचा. 1998 मध्ये इस्रायलमध्ये, मग 2002 मध्ये इंडोनेशियात आणि 2003 मध्ये जपानमध्ये त्याने कोई-कार्प मारले. इस्रायलमध्ये निरोगी मासे काही दिवस बाधित माशांसोबत ठेवून मग 30 अंशांच्या पाण्यात हलवायचे, अशी प्रतिकारशक्ती तयार करत. पुढे लसही आली. अमेरिकेत 2012 मध्ये परवाना मिळालेली लस नंतर बाजारातून गेली. अशा संसर्गातून वाचलेले मासे स्वतः निरोगी दिसून विषाणू बाळगू शकतात. तेव्हा आयात केलेली कोई ‘इम्यून’ आहे असं कोणी सांगितलं, तर तिला आपल्या कोईंपासून लांबच ठेवा.

आणि पंधरा दिवसांत घेऊन विकणारे असाल तर ब्रूडरचा विचारच सोडा. प्रत्येक विक्रेत्याचा माल वेगळ्या टाकीत, एका टाकीचं पाणी दुसरीत नाही, आणि लॉट संपला की टाकी रिकामी करून, ब्लीचिंगने धुऊन कोरडी होऊ द्यायची, मगच पुढचा लॉट.