बिनलेबलची बाटली आणि नखांचा कोर्स

ॲक्रिलिक नेल एक्स्टेन्शन, म्हणजे लिक्विड आणि पावडर मिसळून नखं लांब करायला शिकायचा कोर्स शोधताय? मग फी भरण्याआधी एवढं वाचा. कोर्स, किट आणि सर्टिफिकेट असं एकत्र पॅकेज विकणाऱ्या एका मॅडमकडे मी शिकले. पैसे तर गेलेच, वर माझ्या बहिणीचं नख गेलं. मॅडमचं नाव लिहीत नाही, त्यांची पद्धत लिहिते.

पूर्ण फी आधी घेतली. किट दिसायला भरगच्च होतं: ब्रश, फॉर्म (नखाखाली लावायचे साचे), प्लॅस्टिकच्या टिप्स, फाइल्स, छोटं ड्रिल, पावडरच्या डब्या. लिक्विडची बाटली मात्र कोरी. ना कंपनी, ना घटक, ना बॅच नंबर. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मोठ्या कॅनमधून भरून देते, म्हणजे तुम्हा मुलींना स्वस्त पडतं. डेन्टल लॅबवाले वापरतात तेच आहे. दातांना चालतं, मग नखांना काय होणार?"

ऐकायला किती पटतं बघा! कवळ्या बनवायला जे लिक्विड वापरतात ते मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजेच एमएमए. कवळी लॅबमध्ये घट्ट होऊन मग तोंडात जाते, इथे तेच लिक्विड ओलं असताना आपल्या नखावर ठेवायचं असतं. नखांसाठीचं चांगलं लिक्विड एथिल मेथाक्रिलेटचं, म्हणजे ईएमएचं असतं आणि ते महाग पडतं. नखं खराब होण्याच्या आणि त्वचेला ॲलर्जी होण्याच्या तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, 1970च्या दशकातच निव्वळ एमएमएच्या नेल लिक्विडवर कारवाई केली होती. पावडरच्या डबीवर पॉलिमर म्हणून एमएमएसारखं नाव दिसलं तर घाबरू नका. प्रश्न लिक्विडचा आहे.

खोटं कशाला बोलू, ब्रशवर लिक्विड-पावडरची गोळी उचलायला मॅडमनी छान शिकवलं. ब्रश लिक्विडमध्ये बुडवून कडेला निथळायचा, पावडरला नुसतं टोक टेकवायचं, गोळी गुळगुळीत दिसली की नखावर ठेवायची. जास्त ओली असेल तर ती क्युटिकलकडे, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेकडे वाहते, कोरडी असेल तर रवाळ राहते. क्युटिकलपाशी बारीकशी फट सोडायची, त्वचेला लिक्विड लागू द्यायचं नाही. हे सगळं बरोबरच होतं. पण त्यानंतर सुरू व्हायचं, "घास, अजून घास, नाहीतर सुटेल." सरावाला माझी बहीण बसली होती. ड्रिलने तिच्या नखांवर लालसर पट्टा उठला, ती हात मागे ओढायला लागली. "गरम लागतंय ना? म्हणजे धरतंय," मॅडम म्हणाल्या.

साफ चूक. ॲक्रिलिक घट्ट होताना थोडी ऊब येते हे खरं आहे, पण घासताना चटका बसला आणि लाल पट्टा दिसला की नख नको तितकं पातळ झालं असं समजायचं. एमएमए नखाला नीट चिकटत नाही, म्हणून नख खरवडावं लागतं. म्हणजे मॅडमची 'टेक्निक' त्या स्वस्त बाटलीची गरज होती, आणि आम्ही ती विद्या म्हणून वहीत उतरवत होतो.

पुढे बहिणीचं बोट कपाटाच्या खणात अडकलं. चांगलं ॲक्रिलिक असतं तर बहुतेक तडकलं असतं. हे तडकलं नाही. एक्स्टेन्शन जसंच्या तसं राहिलं आणि खालचं तिचं स्वतःचं नख अर्ध्यापर्यंत उचकटलं. बाकीची नखं काढायला ॲसिटोनचा कापूस आणि फॉइल गुंडाळून बसलो. एरवी अर्ध्या-पाऊण तासात ॲक्रिलिक मऊ पडून खरवडता येतं. आमचं दगडासारखं तसंच. तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या कोर्समध्ये नखं काढायला शिकवलंच नव्हतं. मॅडम एक्स्टेन्शनखाली प्लॅस्टिकची टिप घालून ते उचकटायच्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की नख पूर्ण यायला सहा महिने लागू शकतात. बोटांभोवती खाज किंवा पुरळ दिसलं तर हे काम लगेच थांबवा, असंही बजावलं. ॲक्रिलेटची (एमएमए, ईएमए ज्या गटातले त्या रसायनांची) ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते आणि पुढे दातांच्या उपचारातही आडवी येऊ शकते.

पैसे परत मागितले तर "किट उघडलं की रिफंड नाही." पुन्हा विचारलं तर ब्लॉक. सर्टिफिकेटवर मॅडमच्याच लोगोखाली मॅडमचीच सही आहे, दुसऱ्या कुठल्या संस्थेचं नावही नाही.

तेव्हा फी देण्याआधी लिक्विडच्या सीलबंद बाटलीचा फोटो मागा, घटकांची यादी वाचता येईल असा. एक्स्टेन्शन काढायला कोणत्या दिवशी शिकवणार तेही विचारा. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. कोरी बाटली आधीच हातात पडली असेल तर फॉर्मवर एक गोळी पसरवून पूर्ण घट्ट होऊ द्या आणि मग ॲसिटोनमध्ये टाका. प्लॅस्टिकच्या टिपवर हा प्रयोग नको, कारण टिप स्वतःच विरघळते आणि काही कळत नाही. तासाभरानेही गोळी टणकच राहिली तर ते लिक्विड कुणाच्या बोटाला लावू नका. मऊ पडली म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका, लेबल नसेल तर ती बाटली बाजूलाच ठेवा.