खाऱ्या हवेतला टीव्ही: स्वस्त संच आणि महाग संच यांची तुलना

चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळच्या बाजारपेठेत आज ४३ इंची ४के टीव्ही साधारण वीस ते पंचवीस हजारांत मिळतो आणि त्याच्या शेजारी टांगलेला नामांकित कंपनीचा ५५ इंची संच सत्तर हजारांच्या पुढे जातो. दोन्हींच्या खोक्यांवर ४के, एचडीआर, डॉल्बी हीच अक्षरे छापलेली असल्यामुळे वरचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न ग्राहकाला पडणे स्वाभाविक आहे. आमच्या कुटुंबात दोन्ही प्रकारचे संच वापरात आहेत. गुहागर तालुक्यातल्या, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील चिऱ्याच्या घरात स्वस्त संच आहे आणि रत्नागिरी शहरातल्या बिऱ्हाडात महाग. दोन्हींचा वापर पाहून माझे मत असे झाले आहे की, जादा पैसा पडद्यासाठी आणि दुरुस्तीच्या खात्रीसाठी जरूर मोजावा, ‘स्मार्ट’ सोयींसाठी मोजू नये, आणि वर्षातले बहुतेक महिने कुलूप असणाऱ्या घरात तर तो मोजूच नये.

प्रथम नावाविषयी. टीव्हीवरचे नाव आणि तो बनवणारा कारखाना एकच असतो, असे नाही. भारतात थॉमसनचे टीव्ही सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी परवान्याने बनवते, एसरच्या नावाचे टीव्ही इंडकल ही कंपनी आणते. दुसऱ्या टोकाला असलेल्या सोनीच्या ओएलईडी (ज्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो अशा पडद्याच्या) संचांतील पडदेही एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले यांच्याकडून आलेले असतात. मग महाग संचात फरक कुठे पडतो? पडद्यामागच्या प्रकाशयोजनेत, चित्रावर संस्कार करणाऱ्या चिपमध्ये आणि कारखान्यात रंग किती काळजीपूर्वक जुळवले आहेत त्यात.

हा फरक दुकानात दिसत नाही, कारण तिथे ४के दर्जाची जाहिरातफीत भडक रंगांच्या मोडमध्ये अखंड फिरत असते आणि तिच्यात दोन्ही संच सारखेच देखणे दिसतात. घरी आल्यावर आपण पाहतो ते मात्र डिशवरच्या मराठी मालिका, बातम्या आणि डीडी सह्याद्री. साध्या एसडी (कमी स्पष्टतेच्या) वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार बिंदू (पिक्सेल) असतात आणि ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख. म्हणजे वाहिनीकडून आलेल्या प्रत्येक बिंदूमागे पडद्याला वीस बिंदू भरावे लागतात आणि ते कसे भरायचे हे चिप ठरवते. आमच्या स्वस्त संचावर मालिकेतल्या माणसांचे चेहरे मेणाचे वाटतात, कबड्डीच्या सामन्यात धावणाऱ्या खेळाडूंभोवती धूसर कडा दिसतात. महाग संचावर तीच वाहिनी पुष्कळ सुसह्य दिसते. म्हणून दुकानदाराला विनंती करून मोड ‘स्टँडर्ड’वर आणावा, साधी डिशची वाहिनी लावायला सांगावी आणि मगच दोन संचांची तुलना करावी. दुकानदाराने टाळाटाळ केली तर दुकान बदलावे.

ज्यांच्या घरी एसडी वाहिन्याच पाहिल्या जातात आणि बजेट मर्यादित आहे, त्यांनी ५५ इंचाचा मोह टाळून ४३ इंची, किंवा छोट्या खोलीसाठी ३२ इंची संच घ्यावा. चित्र जितके ताणले जाते तितके त्याचे दोष मोठे होतात. मोठा स्वस्त पडदा ही मला या सगळ्या बाजारातली सर्वांत फसवी खरेदी वाटते.

पडद्याचा प्रकार ही दुसरी महत्त्वाची बाब आहे आणि ती खोक्यावर क्वचितच लिहिलेली असते. आयपीएस पडदा बाजूने पाहिला तरी रंग टिकवतो, पण काळा रंग राखाडीकडे झुकतो. व्हीए पडदा समोरून अधिक गडद काळा दाखवतो, मात्र बाजूला बसलेल्यांना फिकट दिसतो. आपल्याकडे ओटीवर माणसे एका रांगेत बसत नाहीत. एक जण झोपाळ्यावर, दोघे जमिनीवर भिंतीला टेकून, शेजारचे कोणी उंबऱ्याजवळ, आणि गणपतीत तर पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसलेली असतात. अशा घराला बाजूने नीट दिसणारा पडदाच हवा. दुकानात पडद्याच्या समोरून सरकत पार कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहावे, हा प्रकार तेवढ्यात कळतो. ओटी उघडी व उजेडाची असेल तर स्वस्त संचांची अडीचशे-तीनशे निट्सची (निट हे पडद्याच्या उजळतेचे माप) उजळता दुपारी अपुरी पडते. माजघरात मात्र ती पुरेशी होते.

ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि रात्री चित्रपट पाहताना त्याची सर कशालाही येत नाही. तरीही ज्या घरात सकाळपासून वृत्तवाहिनी सुरू असते तिथे मी तो सुचवणार नाही. वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली की तिचा ठसा पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका या प्रकारात असतो.

आवाजाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जुलैमध्ये पत्र्याच्या पडवीवर पाऊस कोसळू लागला की २० वॅटचे स्पीकर असलेला संच, स्वस्त असो वा महाग, संवाद ऐकू देत नाही. वेगळा साउंडबार घेणेच शहाणपणाचे ठरते.

स्मार्ट सोयींसाठी जादा पैसे का मोजू नयेत, याचे कारण सरळ आहे. दोन जीबी रॅमचा स्वस्त संच काही वर्षांत मंदावतो, हे खरे. सॅमसंगने २०२४ पासूनच्या काही संचांना सात वर्षे प्रणाली अद्ययावत ठेवण्याचे जाहीर केले आहे, ही त्या कंपनीची जमेची बाजूही मान्य करावी लागेल. परंतु मंदावलेल्या टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत काही हजारांची स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी छोटी कांडी) लावली की तो पुन्हा चपळ होतो. पडद्यावर मात्र असा बाहेरचा इलाज नाही.

आता दुरुस्तीविषयी, कारण किनाऱ्यावर खरी परीक्षा तिथेच होते. खारी, दमट हवा संचातल्या जोडण्यांवर गंज चढवते आणि पडद्याच्या कडेला असलेल्या नाजूक पट्ट्यांपर्यंत ओल गेली की उभ्या रेषा उमटू लागतात. आमच्या स्वस्त संचाला हमीच्या मुदतीत हाच त्रास झाला. त्या कंपनीचा तंत्रज्ञ तालुक्यात येत नसल्यामुळे बराच काळ फोन आणि तक्रार क्रमांक यांवरच काढावा लागला. हमी संपल्यावर पडदा बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या किमतीजवळ जातो. मागचे दिवे गेले, तर मात्र गावातला मेकॅनिकही एलईडी पट्ट्या बदलून देतो. म्हणून खरेदीपूर्वी कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर आपला पिनकोड सांगून घरी येणारी सेवा आहे का, ती रत्नागिरीहून येते की कोल्हापूरहून, हे विचारून घ्यावे. मोठ्या नावाच्या कंपन्यांची सेवाही प्रत्येक खेड्यात पोहोचतेच असे नाही. जिथे ती पोहोचते, तिथे मात्र महाग संचाचे जादा पैसे मला रास्त वाटतात.

विजेचा प्रश्न दोन्ही संचांना सारखाच आहे. बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, हे मागच्या लेबलवर वाचता येते, तेव्हा कमी दाबाची भीती फारशी नाही. न्यूट्रल (विजेच्या परतीची) तार तुटून दाब अचानक चढला किंवा वीज पडली, तर मात्र सत्तर हजारांचा संचही वीस हजारांच्या संचासारखाच जळतो आणि हमीपत्रातील नैसर्गिक आपत्तीचे नुकसान वगळणारे कलम दोघांनाही लागू होते. जादा दाबाला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर बसवावा. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधी प्लगबरोबर डिशची केबलही काढावी, कारण वीज छपरावरच्या त्या केबलमधूनही आत येते. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर टीव्ही टांगू नये. जांभ्याची भिंत पाणी झिरपू देते आणि ती ओल थेट संचाच्या पाठीला लागते. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या सखल भागात राहणाऱ्यांना संच किती उंचीवर लावायचा हे सांगण्याची गरज उरलेली नाही.

चाकरमान्यांच्या बंद घरांबद्दल माझे मत ठाम आहे. शिमगा, मे महिना आणि गणपती एवढ्यापुरते उघडणाऱ्या घरात संच महिनोन्‌महिने दमट अंधारात पडून राहतो. त्याला चालू असतानाची ऊबही मिळत नाही आणि आत पाली-मुंग्या घर करतात. अशा घरी स्वस्त ३२ किंवा ४३ इंची संच पुरे. उरलेल्या पैशातून घरातल्या वायरिंगचे अर्थिंग नीट करून घ्यावे. याउलट बारमाही नांदते घर, रोजचा चार-पाच तासांचा वापर आणि तालुक्यात पोहोचणारी सेवा असेल, तर नामांकित कंपनीचा मधल्या श्रेणीतला संच, मोठ्यात मोठ्या आकाराचा हट्ट न धरता, घ्यावा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे करापूर्वी २० हजारांच्या संचामागे दोन हजार रुपये वाचतात. ते हातात ठेवून, गणपतीसाठी संच घ्यायचा असेल तर श्रावणातच घ्यावा. चतुर्थीच्या आठवड्यात दुकानात सवलती असतात, पण भिंतीवर बसवून देणारा माणूस मिळत नाही आणि खोक्यातून काढताना पडदा तडकलेला निघाला तर तो बदलून देणारेही सुट्टीवर गेलेले असतात.