'आय ॲम लेजंड' की 'चिल्ड्रन ऑफ मेन'?

जगाच्या अंतानंतरचा एकच सिनेमा या शनिवारी बघायचा असेल, तर गाडी बहुधा या दोनांवर येऊन अडते. 2007 च्या 'आय ॲम लेजंड'मधलं भविष्य 2012 चं, म्हणजे कधीच मागे पडलेलं. 2006 च्या 'चिल्ड्रन ऑफ मेन'मधलं 2027 चं. मी दोन्ही 2020 च्या आधी पाहिले आणि नंतर पुन्हा पाहिले.

पहिल्यातला एकटेपणा अस्सल आहे. विल स्मिथ व्हिडिओच्या दुकानात पुतळे मांडतो, त्यांच्याशी बोलतो. तेव्हा मला ते ओढूनताणून आणलेलं वाटलं होतं. टाळेबंदीत वडील गावी एकटे अडकले आणि टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंना उत्तरं द्यायला लागले, तेव्हा तो प्रसंग पटला.

मला खटकतो तो रस्ता. न्यूयॉर्कमध्ये भर रस्त्यात गवत वाढलंय, हरणं पळतायत, माणूस औषधाला नाही. आमचं घर मुंबई-नाशिक महामार्गालगत आहे. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या, दोन दिवस सामसूम होती आणि मग माणसं दिसू लागली. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, आग्र्याच्या दिशेनं चाललेली. आई सकाळपासून भाकऱ्या थापायची, आम्ही फाटकाशी पाण्याचे हंडे ठेवायचो. एका बाईच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तिनं भाकरी नको म्हटलं, सुई-दोरा मागितला. तिथेच बसून चप्पल शिवली आणि निघाली. ती पाहिल्यापासून मला तो ओस रस्ता खोटा वाटतो.

'चिल्ड्रन ऑफ मेन'मध्ये रस्त्यावर माणसं आहेत. पिंजऱ्यात कोंडलेले निर्वासित आहेत, त्यांच्या शेजारून कामाला जाणारेही आहेत. नायक बॉम्बस्फोटातून थोडक्यात वाचतो, तरी ऑफिसात जातो आणि उरलेलं काम घरून करू का, असं साहेबांना विचारतो! 2006 मध्ये हे कुणाला सुचलं असेल?

त्याची मूळ कल्पना, म्हणजे 18 वर्षांत एकही मूल जन्मलं नाही, ही काही खरी ठरलेली नाही. पण दक्षिण कोरियाचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 2023 मध्ये 0.72 वर आला, म्हणजे अगदीच हवेतलीही नाही.

निखळ थरार हवा असेल तर पहिला लावा, वाया जाणार नाही. तरी माझं ऐकाल तर दुसरा. आणि वेळेवर बसा, कॉफीच्या दुकानातला तो बॉम्बस्फोटाचा प्रसंग अगदी सुरुवातीलाच आहे.